स्पोर्ट क्वाडला चेन गाइड आणि स्किड प्लेट: दुबई-शारजात पहिली क्वाड घेणाऱ्यांसाठी

पहिल्या हिवाळ्यात बिग रेडच्या वाळूच्या टेकडीवर भाड्याची क्वाड (चार चाकांची, हँडलवाली वाळवंटी गाडी) आणि दुसऱ्या हिवाळ्यात डुबिझल या जाहिरातींच्या साइटवर जुन्या रॅप्टरची, म्हणजे यामाहाच्या क्वाडची, शोधाशोध. नोकरीनिमित्त इकडे आलेल्या आपल्या बऱ्याच मंडळींचं असंच होतं. गाडी दारात आली की खालून कवच काय लावायचं हा प्रश्न येतो, आणि गल्लत तिथेच होते. दुकानात टांगलेली चकाकती ॲल्युमिनियमची स्किड प्लेट, म्हणजे इंजिनखालचं कवच, डोळ्यांत भरते, म्हणून पहिले पैसे तिच्यावर जातात. चेनखालचा झिजलेला प्लास्टिकचा तुकडा वाकून पाहिल्याशिवाय दिसत नाही, आणि भर वाळवंटात गाडी बंद पाडतो तो बहुतेक वेळा तोच.

म्हणून माझा क्रम असा: आधी चेनचा रस्ता (चेनला सरळ धरणारे गाइडसारखे भाग), मग मागच्या एक्सलखालचं कवच, आणि इंजिनखालची प्लेट सगळ्यांत शेवटी. निव्वळ वाळूत चालवणार असाल तर ती शेवटची वस्तू कदाचित लागणारही नाही.

१. आपली गाडी नीट ओळखा

हे सगळं चेनवर चालणाऱ्या स्पोर्ट क्वाडबद्दल आहे: यामाहाची रॅप्टर ७००, वायएफझेड ४५० आणि जुनी बॅन्शी, होंडाच्या टीआरएक्स ४००ईएक्स आणि ४५०आर, सुझुकीची एलटी-झेड ४००, कावासाकीची केएफएक्स ४५०आर. ग्रिझली, आउटलँडर, रेनेगेड या फोर-व्हील ड्राइव्ह गाड्यांना मागे चेन नसते, शाफ्ट असतो. ती गाडी असेल तर थेट सहाव्या पायरीवर जा.

काहीही मागवण्याआधी एका कागदावर एवढं उतरवून घ्या:

- मॉडेल आणि वर्ष. मुलकियावर (गाडीच्या नोंदणी कार्डावर) काय लिहिलंय ते पाहाच, पण चॅसिस नंबरही पाहा. अमेरिकेतून आलेल्या गाडीच्या १७ अक्षरी नंबरात दहावं अक्षर मॉडेलचं वर्ष सांगतं.
- पुढच्या आणि मागच्या स्प्रॉकेटचे (चेन जिच्यावर फिरते त्या दातेरी चकतीचे) दात, प्रत्यक्ष मोजून. रॅप्टर ७०० कंपनीतून १४ आणि ३८ दातांची येते, पण आधीच्या मालकाने काय केलंय ते त्यालाच ठाऊक.
- चेनचा नंबर आणि प्रकार. या गाड्यांना बहुधा ५२० ची चेन असते. ती साधी आहे की ओ-रिंगवाली (सांध्यांत रबरी रिंगा असलेली), हेही लिहा.
- स्विंगआर्म (मागच्या एक्सलला फ्रेमशी जोडणारा, वर-खाली हलणारा दांडा) कंपनीचा आहे की बदललेला.

हा शेवटचा मुद्दा आखातात फार महत्त्वाचा. इथे टेकाडं चढण्याच्या आणि ड्रॅगच्या हौसेपायी बॅन्शी आणि रॅप्टरला मूळच्यापेक्षा २ किंवा ४ इंच जास्त लांब स्विंगआर्म लावण्याची पद्धत आहे. विकणारा हे सांगेलच असं नाही, कित्येकदा त्यालाही माहीत नसतं. अशा गाडीला कंपनीच्या मापाची स्विंगआर्म प्लेट बसत नाही आणि चेन गाइडची भोकं जुळत नाहीत. पिव्हट बोल्टच्या (स्विंगआर्म ज्यावर हलतो त्या बोल्टच्या) मध्यापासून एक्सलच्या मध्यापर्यंत टेपने मोजा आणि त्याच मॉडेलच्या मूळ स्विंगआर्मच्या मापाशी ताडून पाहा.

नावांचाही घोटाळा असतो. वायएफझेड ४५० आणि २००९ पासून आलेली वायएफझेड ४५०आर या दोन वेगळ्या गाड्या आहेत, फ्रेमही वेगळी. जाहिरातीत "४५० ला बसेल" एवढंच लिहिलं असेल तर पुढे जाऊ नका, विचारा.

२. कुठे चालवणार ते ठरवा

इथे जमीन तीन प्रकारची आहे, आणि तिन्हींना लागणारं कवच वेगळं.

निव्वळ वाळू: बदायरचा बिग रेड, किंवा खाली लिवाजवळची मोरीबची टेकडी. इथे खालून आपटायला दगड नाही. त्रास होतो तो चेनला, कारण वाळू प्रत्येक सांध्यात शिरते आणि उडी मारून उतरताना चाकांना एकदम पकड मिळून चेनला हिसका बसतो. शिवाय भुरभुरीत वाळूत जास्तीचा प्रत्येक किलो जाणवतो.

मिश्र जमीन: मलेहाचा फॉसिल रॉक, फायाचे डोंगर. वाळूतून चुनखडकाचे कंगोरे वर आलेले असतात आणि काही वाळूच्या पातळ थराखाली लपलेले. नवख्या माणसाची गाडी सगळ्यांत जास्त इथे मार खाते, कारण तो वाळूच्या भरवशावर वेगात असतो.

वादी, म्हणजे हजर पर्वतातले कोरडे ओढे. गोटे, धोंडे आणि अतिशय कठीण खडक. इथे पूर्ण कवच लागतं, त्यावर वाद नाही. जिथे गाडी नेण्याची परवानगी आहे तिथेच जा, आणि क्वाड ट्रेलरवर किंवा पिकअपमध्ये घालून न्या. डांबरी रस्त्यावर ती चालवायला मनाई आहे.

दर शुक्रवारी बिग रेड आणि वर्षातून एकदा वादी, असा तुमचा हिशेब असेल तर खरेदी बिग रेडसाठी करा.

३. खरेदीआधी चेनचा रस्ता तपासा

चेन दोन स्प्रॉकेटांमध्ये नुसती ताणलेली नसते. स्विंगआर्म वर-खाली होतो तसा तिचा ढिलेपणा बदलतो. पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा पिव्हट आणि मागचा एक्सल हे तिन्ही एका रेषेत आले की चेन सगळ्यांत घट्ट होते, आणि मागचा भाग हवेत लोंबकळताना ती सैल पडते. उडी मारल्यावर गाडी दर वेळी या दोन टोकांमधून जाते. सैल पडलेल्या क्षणी चेनला स्प्रॉकेटच्या सरळ रेषेत धरून ठेवायला वाटेत तीन-चार भाग असतात. गाडी स्टँडवर घ्या, मागची दोन्ही चाकं उचला, आणि एकेक पाहा.

स्लायडर: पिव्हटजवळ स्विंगआर्मवर चढवलेली प्लास्टिकची किंवा रबराची पट्टी. चेन हिच्यावरून घासत जाते. ही झिजून संपली तर चेन थेट स्विंगआर्मचा धातू कापू लागते. जुनी गाडी बघायला जाल तेव्हा इथे बोट घालून पाहा. धातूला खाच पडली असेल तर भाव पाडून मागायला ते पुरेसं कारण आहे.

रोलर: फ्रेमवर चेनच्या वर-खाली असलेली छोटी चाकं. हाताने फिरवा. वाळूने बेअरिंग जाम झालेलं असेल तर चेन त्यात सुरीसारखी चर पाडते आणि मग त्याच चरीत अडकते. बदलताना सीलबंद बेअरिंगचा रोलर घ्या.

चेन गाइड: स्विंगआर्मच्या मागच्या टोकाला, खालच्या बाजूने. मागच्या स्प्रॉकेटमध्ये शिरण्याआधी चेनला सरळ करणारी ही चौकट आहे. आत झिजणारा प्लास्टिकचा ठोकळा, बाहेर धातूचा किंवा प्लास्टिकचा साचा.

केस सेव्हर: पुढच्या स्प्रॉकेटभोवतीचा धातूचा तुकडा. चेन तुटली किंवा उतरली तर ती पुढच्या स्प्रॉकेटपाशी गोळा होऊन इंजिनचं कव्हर फोडते. ते फुटलं तर चेनच्या खर्चाचं काम थेट इंजिन उघडण्यावर जातं. बरेच लोक वाळू साचते म्हणून स्प्रॉकेटचं मूळ झाकण काढून फेकतात आणि केस सेव्हरही लावत नाहीत. तुमच्या गाडीचं असं झालं असेल तर हा छोटा तुकडा यादीत सगळ्यांत वर लिहा.

आता खुद्द चेन. ५२० च्या चेनमध्ये दोन पिनांमधलं अंतर १५.८७५ मिमी असतं. म्हणजे सलग २१ पिना मोजल्या तर पहिल्या पिनेच्या मध्यापासून शेवटच्या पिनेच्या मध्यापर्यंत नवी चेन ३१७.५ मिमी भरते. चेन ताणून धरून मोजा. ३१९ च्या पुढे गेली असेल तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेटं एकत्र बदला. ताणलेल्या चेनला नवा गाइड लावून उपयोग नाही, ती गाइडला पण खाईल.

ढिलाई किती ठेवायची याचा आकडा मॉडेलच्या मॅन्युअलमधून घ्या आणि मॅन्युअल सांगतं त्याच स्थितीत मोजा. बसवून झाल्यावर मात्र एक जास्तीची तपासणी करा: रॅचेट पट्ट्याने (सामान आवळायच्या, खटक्याने ताणता येणाऱ्या पट्ट्याने) मागचा भाग खाली ओढा, वर सांगितलेले तीन बिंदू एका रेषेत आणा, आणि तिथेही चेनला थोडा खेळ उरतो का पाहा. नव्या माणसाचा हात चेन घट्ट करण्याकडे जातो. फार घट्ट चेन बेअरिंग खाते आणि हिसका बसला की तुटते.

४. चेन गाइड निवडताना

पर्याय ढोबळमानाने दोन. ॲल्युमिनियमचा साचा आणि आत बदलता येणारा ठोकळा, किंवा पूर्णच जाड प्लास्टिकचा गाइड.

ॲल्युमिनियमचा दिसायला झकास, निळ्या-लाल ॲनोडाइज्ड रंगात मिळतो. त्याचा दोष असा की दगड लागला की तो वाकतो आणि वाकलेलाच राहतो. वाकलेला गाइड चेनला तिरकी ढकलतो, म्हणजे चेन उतरू नये म्हणून लावलेली वस्तूच ती उतरवते. प्लास्टिकचा गाइड मार लागल्यावर लवतो आणि परत जागेवर येतो. टीएम डिझाइनवर्क्ससारख्या कंपन्या याच प्रकारचे गाइड आणि स्लायडर बनवतात. फॉसिल रॉक किंवा वादीला जाणार असाल तर माझ्या मते प्लास्टिकला पर्याय नाही. निव्वळ वाळूसाठी कंपनीचा मूळ गाइड पुष्कळ झाला, आतला ठोकळा तेवढा नवा टाका.

घेताना तीन गोष्टी विचारा. ठोकळा सुटा मिळतो का? नाहीतर दर वेळी अख्खा गाइड घ्यावा लागेल. ओ-रिंगची चेन त्यातून मोकळी जाते का? ती साध्या चेनपेक्षा रुंद असते आणि अरुंद गाइडमध्ये कडा घासून रिंगा फाटतात. केस सेव्हरलाही हाच प्रश्न लागू. आणि किती दातांपर्यंतच्या मागच्या स्प्रॉकेटला तो चालतो? टेकाडं चढायला म्हणून मोठं स्प्रॉकेट टाकलं असेल तर चेनचा कोन बदलतो आणि ती गाइडच्या खालच्या ओठावर घासू लागते.

जाता जाता तेलाबद्दल. वाळूत चेनला चिकट तेल भरपूर मारणं म्हणजे पॉलिश पेपर बनवणं. ओ-रिंग चेनचं ग्रीस आत सीलबंद असतं. बाहेरून मेणासारखं सुकणारं चेन ल्यूब हलकं मारा, पुसून घ्या, आणि ते सुकल्यावरच गाडी बाहेर काढा.

५. मागच्या एक्सलखालचं कवच

रॅप्टर ७०० ची जमिनीपासूनची उंची जेमतेम ११ सेंटिमीटर आहे. मागे अखंड एक्सल असल्यामुळे कितीही भारी शॉक लावला तरी एक्सलखालची उंची वाढत नाही, ती टायरच्या उंचीवर ठरते. आणि नेमकं तिथेच स्प्रॉकेट आणि ब्रेकची डिस्क लटकलेली असते. दगडांच्या जमिनीवर पहिला मार इथे बसतो, इंजिनला नंतर. म्हणून इंजिनच्या प्लेटआधी स्विंगआर्मची प्लेट घ्या.

चांगल्या प्लेटमध्ये हे पाहा: ती स्प्रॉकेट आणि डिस्क दोन्हींच्या खाली पोचते का, मागची कड वर वळवलेली आहे का (गाडी मागे घेताना सरळ कड दगडात रुतते), आणि प्लेट व स्प्रॉकेट यांच्यात पुरेशी फट आहे का. गोटा प्लेट आणि डिस्कमध्ये अडकला तर कर्कश किंचाळी ऐकू येते. चेन आणि प्लेटमध्ये अडकला तर आवाज यायलाही वेळ मिळत नाही. धुताना चिखल-वाळू निघून जायला भोकं हवीत, पण ती सुपारीएवढे खडे आत यावेत इतकी मोठी नकोत.

केवळ वाळूत चालवणाऱ्यांनी पूर्ण प्लेटऐवजी डिस्क आणि स्प्रॉकेटखालचे छोटे गार्ड घेतले तरी भागतं.

६. इंजिनखालची प्लेट: कशाची आणि किती जाड

३० बाय ६० सेंटिमीटरची प्लेट धरून मी वजनाचा हिशेब केला. ३ मिमी पोलाद सव्वाचार किलो. ४.८ मिमी, म्हणजे ३/१६ इंच ॲल्युमिनियम सुमारे २.३ किलो. १२ मिमी यूएचएमडब्ल्यू, म्हणजे ते पांढरं किंवा काळं मेणचट प्लास्टिक, सुमारे २ किलो.

पोलाद विसरा, वजन फार. खरा सामना उरलेल्या दोघांत आहे.

ॲल्युमिनियममध्ये ५०५२ आणि ६०६१ हे दोन मिश्रधातू भेटतील. ५०५२ वाकतं, चेपतं, पण सहसा तडकत नाही, आणि पुन्हा ठोकून सरळ करता येतं. ६०६१-टी६ जास्त कडक, पण घड्या घालायला अवघड आणि चुकीच्या वळणावर तडा जातो. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात पत्रा कापून-वाकवून घेणार असाल तर ५०५२ मागा. तिथले कारागीर हिंदीत बोलतात, पुठ्ठ्याचा साचा नेलात तर काम पटकन होतं.

यूएचएमडब्ल्यूचा गुण असा की ते दगडावरून घसरतं. ॲल्युमिनियम दगडाला धरतं, खरवडून आवाज करतं आणि गाडी अडते. वादीत हा फरक लगेच कळतो. यूएचएमडब्ल्यूचा अवगुण उष्णता. तापमान ४० अंशांनी वाढलं तर ६० सेंटिमीटरची ही प्लेट ३ ते ५ मिमी लांबते, तिथे ॲल्युमिनियम अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. त्यामुळे बोल्टची भोकं लांबट हवीत आणि खाली रुंद वॉशर. गोल भोकं पाडून घट्ट आवळलेली प्लेट उन्हाळ्यात पापडासारखी फुगते. शिवाय हे प्लास्टिक साधारण १३५ अंशांना वितळतं, म्हणून सायलेन्सरच्या पाइपला ते कुठेही टेकता कामा नये.

आणि आपल्याकडे जो मुद्दा दुकानदार काढत नाही तो म्हणजे हवा. इंजिनाचा तळ अख्खा झाकला की खालून मिळणारी हवा बंद होते आणि वर वाळू साचून राहते. युरोप-अमेरिकेच्या थंड जंगलांसाठी बनवलेली बंद प्लेट इथे एप्रिलमध्ये डोकेदुखी ठरते. वाळूसाठी घ्यायचीच तर मोठ्या खाचांची घ्या. तेल सोडायच्या बोल्टखाली भोक आहे ना तेही पाहा, आणि तेल दोन ठिकाणांहून सोडावं लागणारी गाडी असेल तर दोन्हीकडे. नाहीतर दर ऑइल चेंजला अख्खी प्लेट उतरवावी लागेल.

पुढच्या ए-आर्मचे (पुढची चाकं फ्रेमशी जोडणाऱ्या दांड्यांचे) गार्ड वादीत उपयोगी, बाकी ठिकाणी शोभेचे.

७. मागवताना

प्रो आर्मर, पीआरएम, एसी रेसिंग, रिकोशे ही नावं तुम्हाला दिसतील. त्यातली बरीचशी अमेरिकेची आहेत. परदेशातून मागवलंत तर ५ टक्के कस्टम्स आणि त्यावर ५ टक्के व्हॅट धरूनच भाव ताडा. प्लेट आकाराने मोठी असल्याने कुरियरचा खर्च वजनापेक्षा आकारमानावर लागतो आणि तो कधी कधी प्लेटच्या किमतीला जाऊन भिडतो. चेन गाइड, स्लायडर, केस सेव्हर छोटे असतात, ते मागवा. सपाट प्लेट इथेच बनवून घेणं परवडतं. कस्टम्ससाठी एमिरेट्स आयडी आणि खरेदीचं बिल तयार ठेवा.

वापरलेली प्लेट घ्यायला हरकत नाही. वापरलेला चेन गाइड मात्र घेऊ नका.

८. बसवताना

लागणारी हत्यारं: ८, १०, १२, १४ मिमीचे सॉकेट, ॲलन की, टॉर्क पाना, चेन तोडायचं हत्यार, रॅचेट पट्टा, टेप, निळं थ्रेडलॉक (बोल्ट सैल होऊ न देणारा गोंद) आणि अँटी-सीझ (बोल्ट धरून बसू नये म्हणून लावायचा लेप).

आधी चेनचे भाग, मग प्लेट. प्लेट लावल्यावर खालून काहीच दिसत नाही. मास्टर लिंकची (चेनची दोन टोकं जोडणाऱ्या कडीची) क्लिप असेल तर तिचं बंद टोक चेन ज्या दिशेने धावते तिकडे हवं. गाइड बसवल्यावर चाक हाताने सावकाश फिरवा, आणि क्लिप गाइडच्या कडेला लागत नाही ना ते डोळ्यांनी पाहा.

प्लेटचे सगळे बोल्ट आधी दोन-दोन आटे चढवा, प्लेट जागेवर बसली की मग आवळा. एकेक पूर्ण आवळत गेलात की शेवटचं भोक जुळतच नाही. बोल्टचं डोकं प्लेटच्या पातळीच्या आत बुडलेलं हवं. बाहेर आलेलं डोकं पहिल्याच दगडावर घासून गोल होतं आणि मग ते ड्रिलने काढावं लागतं. पोलादी बोल्ट ॲल्युमिनियमच्या आट्यांत जात असेल तर अँटी-सीझ लावा. समुद्राच्या खाऱ्या हवेत हे दोन धातू एकमेकांना धरून बसतात. थ्रेडलॉक नट-बोल्टच्या जोडीला. एकाच आट्याला दोन्ही लावू नका.

पहिल्या फेरीनंतर, साधारण अर्ध्या तासाने, थांबून सगळे बोल्ट पुन्हा पाहा आणि चेनची ढिलाई मोजा. नवी चेन सुरुवातीला थोडी ताणून सैल होते. गाइडच्या ठोकळ्याकडेही बघा. दोन्ही बाजूंना सारखी झीज दिसली तर ठीक. एकाच बाजूला चमकदार घासलेला पट्टा दिसला तर चेन तिरकी धावते आहे, आणि तसं असेल तर आधी मागचा हब आणि स्प्रॉकेटची रेषा तपासा, गाइड घासून जागा करत बसू नका.